पत्ता नसलेल्या बाईचा कागद

बेघर स्त्रीची कागदपत्रे निरनिराळ्या तऱ्हांनी जातात. रात्री उशाखालची पिशवी चोरीला जाते. पावसात गाठोडे भिजते आणि कागदाचा लगदा होतो. फुटपाथ मोकळा करायला आलेली गाडी चादरीबरोबर पिशवीही उचलून नेते. पण पुष्कळ बायकांच्या बाबतीत कागद हरवलेलाच नसतो. तो सासरच्या कपाटात, नवऱ्याच्या किंवा दिराच्या ताब्यात असतो, आणि बाई नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर पडलेली असते. कार्यालयात मात्र दोन्हींची नोंद ‘हरवले’ अशी एकच होते. पुढच्या बऱ्याच अडचणी या एका नोंदीतून निघतात.

हैदराबादच्या कोठी भागात हा प्रश्न डोळ्यांसमोर येतो, कारण त्या भागाची रचनाच तशी आहे. मध्यभागी जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी आहे. तिथे पुढे महिला महाविद्यालय झाले आणि आता महिला विद्यापीठ आहे. भोवती सुलतान बाजार, बँक स्ट्रीट, उस्मानिया मेडिकल कॉलेज, सरकारी प्रसूती रुग्णालय आणि सतत गजबजलेला बसथांबा. काचीगुडा स्टेशन आणि महात्मा गांधी बसस्थानक दोन्ही जवळ. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे नांदेड, परभणी, लातूरकडच्या माणसांना उपचारासाठी आणि मजुरीसाठी ही वाट जुनीच आहे. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, जांबागेत विवेकवर्धिनी आहे. इथल्या फुटपाथवर एखादी बाई मराठी बोलली तर कोणी वळून पाहत नाही. तिचा कागद मात्र दुसऱ्या राज्याचा ठरतो.

2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 17.7 लाख बेघर मोजले गेले, त्यांपैकी 9.38 लाख शहरांत. ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. फुटपाथ, उड्डाणपुलाखालच्या जागा, रेल्वे फलाट, देवळांचे मंडप अशा उघड्या जागी झोपलेल्यांची. स्त्रिया त्या रात्री नेमक्या अशा जागा टाळतात. रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात नातेवाईक असल्यासारख्या बसून राहतात, स्टेशनात गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशासारख्या. मोजणीत त्या कमी दिसतात ते या कारणाने.

या बायकांना कागद परत कसे मिळवून द्यावेत, यावर दोन भूमिका समोरासमोर उभ्या राहतात. एक महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या, वर्षानुवर्षे दाखल्यांवर सही-शिक्का केलेल्या मराठी अधिकाऱ्याची. दुसरी महिला निवाऱ्यात अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्तीची. दोघे कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत, आपापल्या बाजूचे प्रतिनिधी आहेत. दोघांचाही प्रामाणिकपणा वादातीत आहे.

अधिकारी सुरुवात क्रमापासून करतो. “ताई, आधी आधार. बाकी सगळे कागद त्याच्या मागून येतात. बाईकडे पूर्वी आधार होतं की नव्हतं, एवढं एकच पहिल्या दिवशी विचारा. होतं तर कार्ड हरवलं, नंबर हरवला नाही. नंबर यंत्रणेत आहे, बोटं तिच्याकडे आहेत.”

हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे, आणि मदत करणाऱ्या पुष्कळ संस्था पहिली चूक इथेच करतात. आधार हे कार्ड नाही, ती नोंद आहे. ज्या बाईची नोंद एकदा झाली तिचा नवा अर्ज भरला, तर ठसे जुन्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो. मग कोणीतरी तिला दुसऱ्या केंद्रावर नेते, तिथेही तेच होते, आणि बाईची समजूत होते की आपल्याला आधार मिळणारच नाही. खरा उपाय नवी नोंदणी नाही, जुना क्रमांक शोधून काढणे हा आहे. मोबाइल जोडलेला असेल तर 1947 या क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर नाव आणि ओटीपी देऊन तो मिळतो. मोबाइल नसेल तर आधार केंद्रावर प्रत्यक्ष ठसे देऊन. आधारचा कागद हरवल्याबद्दल पोलिसांत तक्रार करणे त्यासाठी गरजेचे नाही. तरीही अनेक बायकांना आधी पोलीस ठाण्यात पाठवले जाते, आणि भीतीपोटी त्या तिथूनच परत फिरतात.

कार्यकर्ती या उत्तरात तिला दिसणारी भोके दाखवते. “साहेब, ओटीपी येतो तो नवऱ्याच्या फोनवर. लग्नानंतर आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाइल होता, तोच नंबर दिला. आता आम्ही इथे बटण दाबलं की तिकडे त्याच्या खिशात फोन वाजतो. जी बाई मार खाऊन पळाली तिचा ठावठिकाणा आम्हीच कळवल्यासारखं होतं.”

ओटीपीत ठिकाण लिहिलेले नसते. पण बायको जिवंत आहे, कुठेतरी कागद काढते आहे, एवढे नवऱ्याला समजते, आणि पुढे पिच्छा पुरवायला तेवढेही पुरते. इलाज सोपा आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे: आधारमधील मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी कोणताही कागद लागत नाही, ठसे पुरतात. म्हणून घर सोडून आलेल्या बाईच्या बाबतीत पहिले काम ओटीपीने क्रमांक शोधणे हे नाही. पहिले काम केंद्रावर जाऊन मोबाइल क्रमांक बदलणे हे आहे, आणि तोवर ओटीपी मागणारे काहीही करू नये.

नवा क्रमांक कोणाचा द्यायचा, यावर दोघांत पुन्हा मतभेद होतो. एका मोबाइलला अनेक आधार जोडता येतात, म्हणून निवारे आपला फोन देतात. अधिकाऱ्याला ते मान्य नाही. “चाळीस बायकांचे ओटीपी एका फोनवर येणार, आणि तो फोन पगारी माणसाच्या हातात. उद्या एकीच्या खात्यातून पैसे गेले तर?” कार्यकर्ती म्हणते, सिम कार्डासाठीही ओळखपत्र लागते, मग सुरुवात कुठून करायची? अधिकाऱ्याची भीती रास्त आहे. निवाऱ्याचा क्रमांक हा तात्पुरता पूल म्हणून वापरावा आणि आधार हाती येताच बाईच्या स्वतःच्या नावाचे सिम घेऊन तो बदलावा, इतपत काळजी घेणे कोणत्याही निवाऱ्याला जमण्यासारखे आहे.

ठशांची गोष्ट जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. यंत्राच्या काचेवर आधी एका हाताची चार बोटे, मग दुसऱ्या हाताची, मग दोन्ही अंगठे. बांधकामावर सिमेंट कालवलेल्या, धुणीभांडी केलेल्या, उतारवयातल्या हाताच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. पडद्यावर खूण हिरवी होत नाही. ऑपरेटर ओल्या फडक्याने बोटे पुसायला सांगतो, पुन्हा दाबायला सांगतो, स्वतःच तिचा हात धरून काचेवर दाबतो. मागे रांग असते. “अंगठा लागत नाही” हे वाक्य ऐकले की बाई हात पदराखाली घेते. अशा वेळी बुबुळांचे छायाचित्र घेण्याची सोय यंत्रणेत आहे आणि बोटे नाहीत म्हणून नोंद अडवता येत नाही. सोबत गेलेल्या व्यक्तीने ही गोष्ट शांतपणे आणि ठामपणे सांगितली तर काम पुढे सरकते. बाई एकटी गेली तर सहसा सरकत नाही.

ज्या बाईची नोंद कधीच झाली नाही तिचा रस्ता निराळा आणि लांबचा आहे. आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या तेंभली या आदिवासी गावात एका मराठी बाईला दिला गेला. ज्यांच्याजवळ काहीच कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा त्या योजनेचा सुरुवातीचा दावा होता. 2016 च्या आधार कायद्याचे पाचवे कलम तो दावा कायद्याच्या भाषेत मांडते: स्त्रिया, मुले, वृद्ध, अपंग, असंघटित कामगार, भटक्या जमाती आणि ज्यांना कायमचे घर नाही अशा व्यक्तींच्या नोंदणीसाठी प्राधिकरणाने विशेष उपाययोजना करायची आहे. बेघर स्त्री या यादीत दोनदा बसते, स्त्री म्हणून आणि घर नसलेली म्हणून.

नियमांत वाटा आहेत. कुटुंबप्रमुखाच्या कागदांवर नोंदणी होते, पण त्यासाठी कुटुंब बरोबर हवे. अधिकृत परिचयकर्ता आपल्या नावावर ओळख पटवू शकतो. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र ओळख आणि पत्ता या दोन्हींसाठी चालते. कोठीसारख्या ठिकाणी ही शेवटची वाटच खरोखर उपयोगी पडते. प्रौढांच्या नव्या अर्जाची राज्य सरकारकडून पडताळणी होते आणि तिला काही महिने लागू शकतात. ते महिने बाई निवाऱ्यात टिकली पाहिजे.

इथे अधिकाऱ्याची मूळ हरकत पुढे येते, आणि ती हलकी नाही. “ताई, तुम्ही म्हणता सही करा. मी सही केली म्हणजे मी शपथेवर सांगितलं की ही बाई हीच आहे. मला काय माहीत? तुम्हाला तरी काय माहीत? ती सांगते ते नाव, ती सांगते ते गाव. बोगस रेशन कार्डं, मेलेल्या माणसांची पेन्शन, दलालांनी एकेका खोलीच्या पत्त्यावर काढलेले ढीगभर दाखले, हे सगळं मी फायलींत पाहिलं आहे. त्यात लुबाडला गेला तो गरीबच. माझी कडक नजर गरिबांविरुद्ध नव्हती.”

कार्यकर्ती दलालांची गोष्ट नाकारत नाही. “दलाल तयार होतो तो तुमच्याच खिडकीपाशी, साहेब. सरळ वाट बंद असली की माणूस पैसे देऊन वाकडी वाट धरतो. आणि ओळख म्हणजे काय? आमच्या निवाऱ्यात ती तीन महिने राहिली. रोज रात्री रजिस्टरवर अंगठा आहे. कुठल्या दवाखान्यात तिची गोळी चालू आहे, कुठल्या घरी धुणं करते, हे आम्हाला ठाऊक आहे. भाडेकरूचा करारनामा एका दिवसात तयार होतो, त्यावर तुम्ही विश्वास ठेवता. आमच्या रजिस्टरवर का नाही?”

या प्रश्नाला अधिकाऱ्याकडे चांगले उत्तर नाही, आणि प्रस्तुत लेखाच्या मते असूही शकत नाही. निवाऱ्याचे नीट ठेवलेले रजिस्टर हा भाडेकरारापेक्षा कमी दर्जाचा पुरावा मानण्याला आधार नाही. मात्र ‘नीट ठेवलेले’ हा शब्द पाळला गेला पाहिजे. तारीख, आल्या-गेल्याची वेळ, बाईने स्वतः सांगितलेले नाव, त्यात पुढे झालेला बदल आणि तो का झाला, हे सगळे त्यात हवे. सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व दुसऱ्या, त्याहून अवघड प्रकरणात मान्य केले आहे. बुद्धदेव कर्मस्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात मे 2022 मध्ये न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय, एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या नमुन्यात दिलेल्या प्रमाणपत्रावर आधार देण्यास सांगितले, आणि त्यांचा व्यवसाय कोणत्याही खुणेतून उघड होऊ नये असेही बजावले. साक्ष देणारा जबाबदार असेल तर कागदाची जागा साक्ष घेऊ शकते, एवढे त्यातून स्पष्ट होते.

मतदार ओळखपत्राच्या बाबतीत अधिकाऱ्याचे अनुभव आणि कार्यकर्तीचे म्हणणे अनपेक्षितपणे जुळतात. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार बेघर व्यक्तीने नमुना 6 मध्ये झोपण्याची जागा लिहायची. मतदान केंद्र पातळीवरील अधिकारी त्या जागी रात्री जातो, अर्जदार खरोखर तिथे झोपते का ते पाहतो, आणि खात्री पटली तर राहण्याचा कागदी पुरावा मागितला जात नाही. खात्रीसाठी एकाहून अधिक रात्री जावे लागते. “हे मला पटतं,” अधिकारी म्हणतो. “सरकारी माणूस उठून गेला, डोळ्यांनी पाहिलं, नोंद केली. दाखला असाच द्यावा.” कार्यकर्तीची अडचण वेगळी आहे: “रात्री अकराला एक अनोळखी पुरुष येऊन झोपलेल्या बाईला हाक मारतो. ती घाबरून दुसऱ्या रात्री जागा बदलते. मग अहवालात ‘आढळली नाही’.” सूचना चांगली आहे, पण तिची अंमलबजावणी स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून झालेली नाही. बरोबर निवाऱ्याची ओळखीची बाई असली आणि आधी कल्पना दिलेली असली तर हा दोष निघून जातो. कार्ड पूर्वी निघालेले असून हरवले असेल तर नमुना 8 भरून बदली कार्ड मिळते. त्याच नमुन्यावर पत्ताही बदलतो.

पत्ता कोणता लिहायचा, हा प्रश्न मराठवाड्यातून आलेल्या बाईसाठी सर्वांत अवघड आहे, आणि मदत करणारे त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. तेलंगणात 9 डिसेंबर 2023 पासून राज्य परिवहनाच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमधून स्त्रियांना मोफत प्रवास आहे, पण त्यासाठी राज्यात राहत असल्याचे ओळखपत्र वाहकाला दाखवावे लागते. कोठीहून बसने कामाला जाणाऱ्या बाईचे रोजचे भाडे वाचते ते असे. राज्याचे एकल महिलांसाठीचे निवृत्तिवेतन 2017 पासून आहे, तेही तेलंगणाच्या रहिवाशांनाच. म्हणून निवारा उत्साहाने आधारवर कोठीचा पत्ता चढवतो. त्यासरशी महाराष्ट्रातले दरवाजे बंद होऊ शकतात. जुलै 2024 पासून सुरू झालेली ‘माझी लाडकी बहीण’ योजना महाराष्ट्राच्या रहिवासी स्त्रियांसाठी आहे आणि तिच्यात परित्यक्ता व निराधार स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख आहे. संजय गांधी निराधार अनुदानही तहसीलदारामार्फत, महाराष्ट्रातच मिळते.

रेशन तेवढे याला अपवाद आहे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ची सुरुवात ऑगस्ट 2019 मध्ये राज्यांच्या दोन जोड्यांपासून झाली: तेलंगणा–आंध्र आणि महाराष्ट्र–गुजरात. आता अन्नसुरक्षा कायद्याखालील नांदेडचे कार्ड हैदराबादच्या दुकानातही चालते, फक्त ठसा जुळला पाहिजे. पण बाईचे नाव सासरच्या कार्डावर असते. तिच्या वाट्याचे धान्य तिकडेच उचलले गेले तर इथे तिला काही मिळत नाही. नाव कमी करून घेतल्याशिवाय नव्या कार्डात चढत नाही, आणि कमी करण्याचा अर्ज करायला पुन्हा तिकडच्याच कार्यालयाशी गाठ पडते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत वडील प्रौढ स्त्री हीच रेशन कार्डाची कुटुंबप्रमुख ठरवली आहे. कार्डावर पहिले नाव स्त्रीचे असते, आणि तरी कार्ड घेऊन ती बाहेर पडू शकत नाही.

अधिकाऱ्याचे मत असे की, जिथे ती राहते तिथला पत्ता लिहावा, दोन राज्यांत पाय ठेवू नये. कार्यकर्ती म्हणते, “ती इथे राहणार की परत जाणार, हे तिचं तिलाच अजून ठरवता आलेलं नाही. पत्ता बदलला की आम्ही तिच्या वतीने ठरवून टाकतो.” कायद्याने अधिकारी बरोबर आहे. पण घाई न करण्याचा कार्यकर्तीचा आग्रह शहाणपणाचा आहे. क्रमांक शोधणे, मोबाइल बदलणे ही कामे लगेच करावीत. पत्त्याचे काम बाईला दोन्हींकडचा नफा-तोटा समजावून, तिच्या निर्णयानंतर करावे.

नावाचाही घोळ आहे. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव असा क्रम. तेलंगणात आडनाव आधी, तेही अनेकदा एका अक्षरात. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर तेलुगू वळणाचे, आणि यंत्र सगळ्या वेगळ्या बायका मानते. आधारवर नवऱ्याचे नाव असलेच पाहिजे असे प्रौढ स्त्रीच्या बाबतीत नाही. ते गाळता येते, हे केंद्रावर सांगावे लागते. नाते मागण्याची सवय मात्र यंत्रणेच्या अंगात मुरलेली आहे. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणीही मागितली गेली. विधवा आणि घटस्फोटित स्त्रिया त्यात अडकल्या, मुदत वाढवावी लागली आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. ज्या परित्यक्तेसाठी योजना आहे तिच्याकडून टाकून देणाऱ्याचाच ओटीपी मागणे हा अन्याय होता. दुरुस्ती झाली हे चांगले, पण ती आधीच व्हायला हवी होती.

सासरी अडकलेले कागद सोडवण्याचा एक कायदेशीर मार्ग फारसा वापरला जात नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 2005, कलम 19(8) खाली दंडाधिकारी स्त्रीधन, तिच्या हक्काची अन्य मालमत्ता किंवा मौल्यवान दस्तऐवज परत करण्याचा आदेश देऊ शकतात. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज होतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, जमिनीचे कागद अशा, पुन्हा काढायला अवघड गोष्टींसाठी हा मार्ग धरावा. आधार किंवा मतदार कार्डासाठी कोर्टात जाण्याची गरज नाही, ते लवकर नवे निघते.

ठशांवरून ओळख पटते याची दुसरी बाजू या वादात सर्वांत गंभीर आहे. 2016 मध्ये नागपूर स्टेशनवर सापडलेला, बिहारच्या खगडियाचा एक अपंग मुलगा अनाथालयात नव्या नावाने वाढला. 2022 मध्ये त्याची आधार नोंदणी करायला गेल्यावर अर्ज फेटाळला गेला, कारण त्याचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले. त्यावरून गाव सापडले आणि सहा वर्षांनी तो आईकडे गेला. अधिकारी हे उदाहरण पुढे ठेवून म्हणतो, “मनोरुग्ण म्हणून रस्त्यावर सापडलेल्या कितीतरी बायका अशाच घरी जाऊ शकतील. कर्जतची श्रद्धा संस्था, नगरजवळची माऊली प्रतिष्ठान, यांचं काम पाहा. घर सापडणं म्हणजे पुनर्जन्म.”

“मुलाला आईकडे पाठवलं, साहेब,” कार्यकर्ती उत्तर देते. “बाईला कोणाकडे पाठवणार? जिथून ती पळाली तिथेच? ठसा जुळला की पत्ता निघतो. पण त्या पत्त्यावर कळवायचं की नाही, हे तिला विचारल्याशिवाय कोणी ठरवू नये.”

ती आणखी एक गोष्ट आठवून देते. नोव्हेंबर 2017 मध्ये हैदराबादेत जागतिक उद्योजकता परिषद भरायची होती. तिच्याआधी पोलीस आयुक्तांनी दोन महिन्यांसाठी भीक मागण्यावर बंदी घातली, आणि रस्त्यावरची माणसे चंचलगुडा व चेर्लापल्ली कारागृहांच्या आवारातल्या केंद्रांत नेली. सोडताना त्यांचे ठसे घेतले गेले, पुन्हा सापडलात तर शिक्षा होईल असे सांगितले गेले. त्या शहरातल्या बाईला “बोट ठेव” म्हटले की तिला आधार केंद्र आठवेलच असे नाही. अधिकारी यावर काही वेळ बोलत नाही, मग एवढेच म्हणतो की ठसे कोण घेतो आणि कशासाठी, हे आधी सांगणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. एवढ्या मुद्द्यावर दोघांचे एकमत होते. आधार कायद्याने ठशांची माहिती दुसऱ्या कामासाठी देण्यास मनाई केलेली आहे, हेही बाईला तिच्या भाषेत सांगायला हवे.

बँकेसाठी थांबून राहण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ‘छोटे खाते’ आहे: अधिकृत ओळखपत्र नसले तरी बँक अधिकाऱ्यासमोर छायाचित्र आणि सही किंवा अंगठा देऊन ते उघडता येते. शिल्लक 50,000 रुपयांपर्यंत, वर्षाचा भरणा 1 लाखापर्यंत, महिन्याला 10,000 पर्यंत काढता येतात. मुदत 12 महिने, आणि तोवर ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचे दाखवले तर आणखी 12 महिने. कोठीच्या बँक स्ट्रीटवर शाखांना तोटा नाही. शाखेत जाताना नियमाची छापील प्रत सोबत न्यावी. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हा नियम माहीत नसणे हे नेहमीचे आहे आणि त्यात त्याचा दोष नसतो.

सुलतान बाजारच्या प्रसूती रुग्णालयात बेघर बाईला मूल झाले तर त्या मुलाची तरी कागदांवाचून सुरुवात होऊ नये. रुग्णालयातली जन्मनोंद 21 दिवसांत महानगरपालिकेकडे जाते आणि पहिला दाखला मोफत असतो. वडिलांचे नाव सांगता आले नाही किंवा सांगायचे नसले तरी दाखला अडत नाही. एकल मातेच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 6 जुलै 2015 रोजी सांगितले आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून आधारपर्यंतचा मुख्य पुरावा झाला आहे, त्यामुळे बाळंतिणीला घरी, म्हणजे रस्त्यावर, सोडण्याआधी रुग्णालयातच ही नोंद तपासणे निवाऱ्याच्या कामाचा भाग व्हायला हवा.

शेवटी उरतो तो मिळालेला कागद सांभाळण्याचा प्रश्न. अधिकारी म्हणतो मूळ प्रती निवाऱ्याच्या कपाटात कुलपात ठेवा, नाहीतर पुन्हा हरवतील. कार्यकर्तीला हे मान्य नाही. नवऱ्याच्या कपाटातून सोडवलेला कागद निवाऱ्याच्या कपाटात गेला, तर निवारा सोडायचा म्हटल्यावर बाईला पुन्हा कोणाकडे तरी मागणी करावी लागेल. डिजिलॉकर 2015 पासून आहे, पण तो चालतो मोबाइल आणि ओटीपीवर, त्यामुळे स्वतःचे सिम येईपर्यंत त्याचा उपयोग मर्यादित. केंद्र सरकारच्या 2013 च्या शहरी बेघर निवारा योजनेत दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची कायमची सोय आणि निवाऱ्यातल्यांना सरकारी योजनांशी जोडून देण्याची जबाबदारी, दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत. स्वतंत्र किल्लीचा छोटा कप्पा प्रत्येकीला देणे या जबाबदारीत सहज बसते. मूळ कागद बाईकडे किंवा तिच्या किल्लीच्या कप्प्यात, एक झेरॉक्स निवाऱ्याच्या फाइलमध्ये, आणि सर्व क्रमांक रजिस्टरात तिच्या संमतीच्या अंगठ्यासह, ही व्यवस्था अधिकाऱ्यालाही मान्य होते. त्याची एकच अट राहते: संमतीच्या रकान्यात तारीख असावी, आणि बाईने संमती काढून घेतली तर तीही तारखेसह लिहावी.